लाकडी कांड्या आणि ऑलिव्हच्या कॅप्सूल

ठाण्याच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. बँकेत नोकरी, दिवसभर संगणक, वरून एसीचा झोत. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि वाऱ्यावर गेलं की उलट घळाघळा पाणी यायचं. डॉक्टरांनी ‘ड्राय आय’ असं निदान करून थेंब दिले, जोडीला माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. तीन महिन्यांत बराच आराम पडला. आता भाचा सांगतो, “मावशी, अमेरिकेत मोठी चाचणी झाली, त्या कॅप्सूलचा काही उपयोग नसतो.” बाई विचारतात, फरक पडलाय हे मी स्वतः अनुभवते आहे, मग ती चाचणी खोटी की मी?

खोटं कुणीच नाही. ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नव्हे. बुबुळाला लागून बुळबुळीत म्युसिन, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ थर, आमटीवर तवंग यावा तसा. हा तवंग सलग असला की खालचं पाणी लवकर उडून जात नाही. तो फाटला की बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो, चुरचुरतो, आणि त्या चुरचुरण्याला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. डोळा कोरडा असूनही रुमाल भिजतो तो त्यामुळे. तवंगाचं तेल येतं पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या बारीक ग्रंथींतून. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. कोरड्या डोळ्यांच्या कितीतरी रुग्णांत या ग्रंथींची तोंडं बुजलेली असतात किंवा आतलं तेल घट्ट झालेलं असतं.

‘डोळ्यात तेल कमी पडतंय, मग तेल खा’ हा हिशेब जाहिरातवाल्यांना फारच सोयीचा. संशोधकांचा तर्क इतका बाळबोध नव्हता. कोरड्या डोळ्याच्या पृष्ठभागावर दाह असतो. माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं शरीरात दाह वाढवणाऱ्या रसायनांच्या कच्च्या मालाची जागा काही अंशी घेतात, त्यामुळे दाह उतरायला हवा. शिवाय २००५ मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांवर स्त्रियांच्या आहाराची पाहणी प्रसिद्ध झाली होती. आठवड्यातून पाच-सहा वेळा ट्यूना मासा खाणाऱ्या स्त्रियांत कोरड्या डोळ्यांची तक्रार, आठवड्यातून जेमतेम एकदा खाणाऱ्यांपेक्षा ६८ टक्क्यांनी कमी निघाली. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण इतका मासा खाणारी बाई बाकी काय खाते, किती चालते, तिच्या हातात पैसा किती, हे सगळं त्याच आकड्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं काढायला चाचणीच करावी लागते.

चाचण्या झाल्याही. भारतातली एक २०१३ ची, २६४ रुग्णांवरची: तीन महिन्यांनी ओमेगा-३ घेणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोकांची लक्षणं चांगलीच कमी झाली. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ३३ टक्के. बहुतेकजण यातला पहिला आकडा लक्षात ठेवतात. माझी नजर दुसऱ्यावर अडकते. औषध नसलेल्या गोळीने तिघांतल्या एकाला बरं वाटलं, ते का?

मग आली भाच्याने सांगितलेली चाचणी. नाव ‘ड्रीम’. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने, म्हणजे सरकारी पैशाने, ती करवली. न्यूयॉर्कच्या नेत्रतज्ज्ञ पेनी ॲस्बेल प्रमुख होत्या. २७ केंद्रं, ५३५ रुग्ण, एक वर्ष. ३४९ जणांना रोज ३ ग्रॅम ओमेगा-३, म्हणजे २ ग्रॅम ईपीए आणि १ ग्रॅम डीएचए. दिवसाला पाच कॅप्सूल. बाजारातल्या बहुतेक बाटल्यांवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी. उरलेल्या १८६ जणांना दिसायला तशाच पाच कॅप्सूल, आत ऑलिव्हचं तेल. माशाचा ढेकर आला की गुपित फुटायचं, म्हणून दोन्हींत वास झाकणारा स्वाद घातलेला. कोण काय खातंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. आधीचे थेंब-औषधं चालू ठेवायला मुभा होती.

लक्षणं मोजायला बारा प्रश्नांची पट्टी. उजेड सोसवत नाही का, खुपतं का, रात्री गाडी चालवताना, वाचताना, एसीत बसल्यावर त्रास होतो का. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, १०० म्हणजे अतोनात. वर्षाअखेर माशाचं तेल घेणाऱ्यांचे गुण सरासरी १३.९ ने उतरले होते. या पट्टीवर दहा गुणांची घट म्हणजे रुग्णाला जाणवेल असा आराम, तेव्हा हे यश म्हणायला हरकत नाही. फक्त ऑलिव्ह तेलवाल्यांचेही १२.५ ने उतरले होते. एवढी तफावत निव्वळ योगायोगानेही पडू शकते. डोळे प्रत्यक्ष तपासून पाहिले तरी तेच. खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून ठेवायची टिपकागदाची पट्टी असते, जर्मन डॉक्टर ऑटो शर्मर यांनी १९०३ मध्ये सुचवलेली. ती किती मिलिमीटर भिजली ते वाचायचं. ती पट्टी, रंग घालून पाहिलेला बुबुळाचा पृष्ठभाग, अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो याची वेळ, कशातच दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता.

लोक कॅप्सूल घेतच नसतील, अशी शंका काढायला वाव नव्हता. रक्तात मेदाम्लं मोजली होती, ८५ टक्के लोकांनी इमानदारीने घेतल्या होत्या. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा लगेच दुसरी हरकत आली: ऑलिव्हचं तेलही गुणकारीच की, मग ते नकली कसलं? हरकत हुशार आहे, पण पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर तेल. भूमध्य समुद्राकाठी लोक ते सॅलडवर त्याहून सढळ हाताने ओततात. आणि चमचाभर ऑलिव्ह तेलाने डोळे बरे होत असतील, तर महागड्या माशाच्या तेलाची बाजू त्याने आणखीच लंगडी होते. पुढे वर्षभर माशाचं तेल घेतलेल्या ४३ जणांना पुन्हा दोन गटांत वाटलं. काहींचं तेल गुपचूप बंद करून ऑलिव्ह सुरू केलं. त्यांचे डोळे बिघडले नाहीत.

मग आराम कशाने पडला? एक भाग आशेचा आणि काळजी घेतली जाण्याचा. चाचणीत आलेला माणूस थेंब वेळेवर घालतो, कुणीतरी नियमाने विचारपूस करतं. दुसरा भाग हिशेबाचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोरड्या डोळ्यांचा त्रास चढतो-उतरतो. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेवरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते, गोळी घ्या वा न घ्या. सरासरीकडे परतण्याची ही खोड फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत दाखवून दिली. ड्रीमवाल्यांनी तिचा बंदोबस्त म्हणून दोन वेगवेगळ्या भेटींत त्रास कायम असलेल्यांनाच घेतलं, तरी घट झालीच.

ठाण्याच्या बाईंचा आराम खरा आहे. तो कॅप्सूलमुळे पडला की कॅप्सूलनंतर पडला, हे मात्र त्यांना एकटीला कळणं शक्य नाही. मलाही कळलं नसतं. त्यासाठी शेजारी ऑलिव्ह तेल घेणारा कुणीतरी लागतो.

हा शेजारी पहिल्यांदा कुणाला सुचला? वैद्यकाच्या इतिहासात जेम्स लिंड आणि त्यांची स्कर्व्हीवरची लिंबं-संत्री सगळ्यांना पाठ असतात. जॉन हेगार्थ यांचं नाव कुणी घेत नाही. हे बरोबर नाही, म्हणून जरा विषयांतर करतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये एलिशा पर्किन्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी बोटभर लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या दोन धातूच्या कांड्या काढल्या. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की दुखणं बाहेर ओढलं जातं, असा दावा. बेडकांच्या तंगड्या विजेने हलवून दाखवणाऱ्या गॅल्व्हानींमुळे तेव्हा वीज आणि शरीर हा विषय जोरात होता, त्यामुळे दाव्याला विज्ञानाची झालरही मिळाली. १७९६ मध्ये पेटंट मिळालं. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही जोडी विकत घेतली म्हणतात. मुलगा बेंजामिन लंडनला आला आणि तिथे पाच गिनीला जोडी विकू लागला. बरे झालेल्यांच्या प्रशस्तीपत्रांची पुस्तकं निघाली, त्यांत पाद्री, प्राध्यापक, डॉक्टर सगळे. आजच्या जाहिरातींत निदान चेहरे तरी बदलले आहेत.

हेगार्थ तेव्हा बाथ गावी राहत. त्यांनी वाद घातला नाही, सुताराचं काम काढलं. कांड्या लाकडाच्या करवल्या आणि धातूच्या वाटाव्यात अशा बनवून घेतल्या. ७ जानेवारी १७९९ रोजी बाथच्या रुग्णालयात जुन्या संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्या ओढल्या. पाचांपैकी चौघांना आराम पडला. एकाचा गुडघा गरम झाला आणि त्याने खुशीत चालूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या वापरल्या, गुण तितकाच. पुढच्या वर्षी हेगार्थ यांनी कल्पनाशक्तीने रोग कसे होतात आणि कसे बरे होतात यावर छोटी पुस्तिका काढली. नामवंत डॉक्टरच्या हातून तीच औषधं जास्त लागू पडतात, त्यात विश्वासाचा वाटा असतो, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

पाचच रुग्ण, चिठ्ठ्या टाकून वाटणी नाही, क्रमही एकच. आजचा कुठलाही परीक्षक हा निबंध परत पाठवेल. त्याआधी १७८४ मध्ये पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या समितीने लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून, चुंबकशक्तीने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या मेस्मरचं बिंग फोडलं होतं, तेव्हा हेगार्थ अगदी पहिलेही नव्हेत. पण हुबेहूब दिसणारी नकली वस्तू बनवून खरीशी तुलना करायची, ही युक्ती इतक्या स्वच्छपणे त्यांनीच वापरली. ड्रीममधली ऑलिव्हची कॅप्सूल म्हणजे त्या लाकडी कांडीची थेट वारस. धंदा मात्र लगेच थांबला नाही. १८०४ मध्ये लंडनमध्ये पर्किन्सच्या नावाने संस्था निघाली.

ड्रीमनंतरही ओमेगा-३ चा खप थांबलेला नाही. २०१९ मध्ये वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ३४ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की लांब साखळीच्या ओमेगा-३ चा थोडा उपयोग असू शकेल, पण पुरावा अनिश्चित आणि परस्परांशी न जुळणारा आहे. ‘असू शकेल’ एवढाच शब्द उचलणारी पत्रकं कशी लिहिली जातात ते सांगायला नको. २०२२ मध्ये ‘व्हायटल’ या प्रचंड चाचणीतून, २३ हजारांवर लोकांना पाचेक वर्षं रोज ओमेगा-३ किंवा नकली गोळी देऊन, हेही दिसलं की निरोगी माणसात कोरडे डोळे होणं त्याने टळत नाही. आपल्याकडे अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणं नियमाने बंधनकारक आहे. बाटली फिरवून ती एकदा वाचून पाहावी. विकणाऱ्याने स्वतः लिहिलेलं ते सगळ्यात खरं वाक्य.

पूरकं म्हणजे सगळीच थोतांड, असंही मी म्हणणार नाही. वयोमानाने दृष्टिपटल झिजण्याच्या आजारात जीवनसत्त्वं आणि जस्ताचं ठरावीक मिश्रण आजार वाढण्याचा धोका सुमारे पावपट कमी करतं. हे अशाच काटेकोर चाचणीने २००१ मध्ये दाखवलं. आणि कोरड्या डोळ्यांचा एक प्रकार तर आहाराने खरोखर बरा होतो: ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा, कुपोषित मुलांना आंधळं करणारा. १९७० पासून सरकारी कार्यक्रमात लहान मुलांना दर सहा महिन्यांनी त्याचा मोठा डोस पाजला जातो, त्यामागे हैदराबादच्या पोषण संस्थेचं काम आहे. तिथे जे नव्हतं ते दिलं. बँकेतल्या नोकरदाराच्या शरीरात कशाची तूट आहे, हे आधी कुणी पाहिलेलं नसतं. बांगडा आणि तारली खाणाऱ्याला ओमेगा-३ ताटातच मिळतं. शाकाहाऱ्याने जवसाची चटणी जरूर खावी, मात्र जवसातल्या मेदाम्लाचं ईपीए शरीर फार थोडं बनवतं. चवीसाठी खावी, ती फसवत नाही.

ओमेगा-३ ची तीन ग्रॅमसारखी मोठी मात्रा अगदी निरुपद्रवीही नाही. हृदयरोगावरच्या चाचण्यांत मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक प्रकार थोडा वाढलेला दिसला. हृदयविकार असलेल्याने हे डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं.

मग ठाण्याच्या बाईंनी करावं तरी काय? जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये कचेरीत काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजलं. निवांत बसले असता मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत, पुस्तक वाचताना १० वेळा, संगणकाच्या पडद्याकडे पाहताना ७ वेळा. पापणी लवली की ग्रंथींतलं तेल पिळून डोळ्यावर पसरतं. तेव्हा एसीचा झोत तोंडावरून वळवणं, पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवणं, अधूनमधून मुद्दाम पापण्या पूर्ण मिटणं आणि पापण्यांना गरम शेक देणं, हे कॅप्सूलच्या आधी करून पाहण्यासारखं आहे. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, तेही तपासावं.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. हेनरिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ मध्ये अशा १९ स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. परीक्षकांना तो फारसा पटला नाही आणि विद्यापीठातली त्यांची वाट अडली. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या निदानाला रक्ततपासणीची मदत होते आणि उपचार संधिवाततज्ज्ञ करतात.