लॅन केबल की फायबर? दोन इमारती जोडण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी मावसभावाचा फोन आला. गावात त्याची अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं सकाळी सहापासून तिथे बसतात. इंटरनेट कनेक्शन पुढच्या इमारतीत आणि नवा हॉल मागच्या गल्लीत. केबलच्या वाटेने मोजलं तर साधारण १३० मीटर. "तिकडे नेट न्यायचंय, कोणती केबल टाकू?" मी ऑफिसात होतो, अर्धं लक्ष स्क्रीनवर. म्हटलं, "कॅट सिक्स टाक, गिगाबिट आरामात चालतं." सॉफ्टवेअरवाल्याला केबलबद्दल विचारलं की असंच उत्तर मिळतं.

केबल एका दमात पोचेना, म्हणून त्याने मध्ये खांबावर प्लॅस्टिकच्या डब्यात एक स्विच बसवला. चाललंही मस्त. मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच कुठेतरी वीज पडली, आणि खांबावरचा स्विच, पुढचा राउटर आणि दोन कम्प्युटरचे लॅन पोर्ट एका झटक्यात गेले. एका परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत दोन दिवसांवर होती. पोरांनी फोनच्या हॉटस्पॉटवर कसेबसे फॉर्म भरले. सल्ला माझा होता, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "फायबरमध्ये प्रकाश धावतो म्हणून ती फास्ट" असं आपण सगळेच म्हणतो. पण काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो, आणि तांब्याच्या लॅन केबलमधला सिग्नलही जवळजवळ त्याच वेगाने जातो. खरा फरक सिग्नल वाटेत किती मरतो यात आहे. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल कॅट ६ केबलमधून १०० मीटर गेला की त्याची जेमतेम १ टक्का ताकद उरते, आणि तेवढी उरली तरी तो स्टँडर्डमध्ये पास होतो! सिंगल मोड फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरचा प्रकाश अख्खा एक किलोमीटर गेला तरी ९० टक्क्यांहून जास्त शिल्लक असतो. म्हणून लॅन केबलला १०० मीटरची मर्यादा आहे (भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०), आणि फायबरचे साधे मॉड्यूलसुद्धा १० किलोमीटरचे मिळतात.

वीज पडली की काय होतं?

अंतर हा अर्धाच प्रश्न. दोन इमारतींमध्ये उघड्यावर टांगलेली तांब्याची केबल म्हणजे एक लांबलचक अँटेनाच. वीज थेट केबलवर पडायची गरज नाही, आसपास पडली तरी केबलमध्ये मोठा व्होल्टेज तयार होतो. शिवाय दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं, त्यामुळे त्या क्षणी दोन टोकांमध्ये प्रचंड फरक पडतो आणि तो करंट तुमच्या स्विचमधून वाट काढतो. लॅन पोर्टच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो १५०० व्होल्टपर्यंत अडवेल अशा हिशोबाने बनवलेला असतो. विजेपुढे ते काहीच नाही.

काचेतून करंट जात नाही. विषय संपला. अंतर ४० मीटर असलं तरी केबल एका इमारतीतून बाहेर पडून दुसरीत जाणार असेल, तर मी आता फायबरच सांगतो.

मग आम्ही काय केलं? १५० मीटर सिंगल मोड ड्रॉप केबल, तीच काळी चपटी, जी तुमच्या गल्लीत विजेच्या खांबांवरून जाताना दिसते. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर. स्प्लायसिंगला गावातल्याच केबलवाल्याला बोलावलं, त्याच्याकडे मशीन असतंच. सगळा खर्च जळालेल्या सामानापेक्षा कमी आला, हे सांगायला मला जरा लाज वाटते.

यात फसायच्या जागा आहेत. एकाच काचेवर जाणं-येणं करणारे मीडिया कन्व्हर्टर जोडीनेच घ्यावे लागतात: एक १३१० वर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलटा. दोन सारखे आणले तर दोघंही बोलतात, ऐकत कोणीच नाही. कनेक्टर हिरवा असेल तर समोरही हिरवाच हवा, निळ्याशी त्याची जोडी जमवू नका. काचेच्या टोकाचा कोन वेगळा असतो. ड्रॉप केबलच्या कडेला असलेली पोलादी तार बाहेर हुकालाच बांधून संपवा, नाहीतर तीच विजेला घरात आणेल. आणि कन्व्हर्टर शेवटी लाइटवर चालतात, त्यामुळे प्लगला सर्ज प्रोटेक्टर लागतोच.

मग घरातही फायबरच टाकायची का?

नको. एकाच इमारतीत, ९० मीटरच्या आत, तांबंच बरं. क्रिम्पिंग टूल असेल तर टोक घरी बसवता येतं, आणि मुख्य म्हणजे त्याच केबलमधून वीजही देता येते. छतावरचा वाय-फाय ॲक्सेस पॉइंट किंवा सीसीटीव्ही कॅमेरा पीओईवर चालतो, साध्या प्रकारात पोर्टमागे १५.४ वॉट, पुढच्यात ३०. फायबरला हे जमत नाही.

फक्त केबल घेताना सीसीएपासून सावध. म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. दिसायला सेम, वजनाला हलकी, किंमत कमी. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते. ती लवकर तुटते आणि पीओई दिलं की जास्त तापते.

तुमच्या घरची केबल आजारी आहे का, हे फोनवरच कळतं. प्लॅन २०० एमबीपीएसचा असूनही राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर स्पीड टेस्ट सारखी ९४-९५ वर अडकत असेल, तर कुठेतरी लिंक १०० एमबीपीएसवर घसरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, त्यातली एक तार तुटली की दोनच जोड्यांवर काम भागवलं जातं. राउटरला जाणारी केबल बदलून बघा. तरी आकडा तोच राहिला, तर राउटरचा पोर्टच १०० चा आहे का ते तपासा.

फायबर लावताना मात्र टोक डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो. आणि स्प्लायसिंगनंतर खाली पडलेले काचेचे तुकडे झाडूने नाही, चिकटपट्टीने उचला. भावाच्या तळपायात एक गेला होता, तो शोधायला अख्खी संध्याकाळ गेली.