तुळशीबागेजवळचे लोकरीचे दुकान : एक मागोवा

पुण्याची थंडी कार्तिकात चाहूल देते आणि रथसप्तमी उलटली की निरोप घेते. एवढ्या अल्पजीवी ऋतूच्या भरवशावर एखाद्या कुटुंबाने पिढ्यानुपिढ्या निव्वळ लोकर विकून निर्वाह करावा, ह्याचे परगावच्या माणसास नवल वाटेल. परंतु तुळशीबागेजवळच्या ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे, त्याचा जमाखर्च थंडीपेक्षा बाळंतविड्यावरच अधिक अवलंबून असे. घरातल्या सुनेला वा लेकीला सातवा महिना लागला, की आजी, आत्या, मावशी ह्यांची पावले इकडे वळत आणि टोपडे कोणी विणायचे, मोजे कोणी, ह्याची वाटणी गल्ल्यासमोरच होई.

आरंभीच्या काळात, माझ्या आईच्या आठवणीप्रमाणे, लोकर औंसावर मिळे आणि धारीवाल व कानपूरची लाल इमली ही नावे गिऱ्हाइकांच्या तोंडी असत. 1958 पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि औंस गेले. सुयांचे क्रमांक मात्र जुन्या विलायती वहिवाटीप्रमाणेच राहिले, म्हणजे क्रमांक चढत जाईल तशी सुई बारीक. आठ क्रमांकाची सुई चार मिलिमीटरची, दहाची सव्वातीन, बाराची पावणेतीन. मोबाइलवरचे मिलिमीटरांतले नमुने घेऊन येणाऱ्या मुलींना दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, आजही हे कोष्टक पिशवीवर लिहून देतात.

1962 च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, तेव्हा हिमालयातल्या जवानांसाठी देशभर स्वेटर, हातमोजे आणि कानटोप्या विणल्या गेल्या. ह्या दुकानातला खाकी रंगाचा साठा त्या हिवाळ्यात पुरेना, आणि ज्यांच्या हातांनी पूर्वी कधी सुई धरली नव्हती अशा कित्येक शाळकरी मुली विणकाम शिकल्या त्या तेव्हाच, असे आई सांगत असे.

पुढे ॲक्रिलिक आले. ते स्वस्त, कसर न लागणारे आणि धुण्यास सोपे असल्याने लोकरीची पीछेहाट होणे अपरिहार्यच होते. तथापि तान्ह्या मुलासाठी काका शक्यतो खरी लोकरच पुढे करीत. त्याला सबळ कारण होते. त्या काळी न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला शेगडीवर धुरी देत. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ॲक्रिलिक मात्र वितळून अंगाला चिकटते. नफ्यातोट्याचा विचार बाजूस ठेवून दिलेल्या अशा सल्ल्यामुळेच ह्या दुकानाची पत टिकली, असे मी मानते.

दुसरी तजवीज लॉटची. एकाच रंगाच्या दोन वेळच्या रंगाईत फरक पडतो आणि तो दिव्याखाली नव्हे, तर उन्हात, स्वेटर पुरा झाल्यावर दिसतो. म्हणून संपूर्ण लोकर एकदम विकत घेण्याची ऐपत नसलेल्या बाईसाठी त्याच लॉटचे उरलेले गुंडे नावाची चिठ्ठी लावून फळीवर वेगळे ठेवले जात, आणि मुदत उलटली तरी त्यांसाठी कधी तगादा लागत नसे.

काकू आतल्या बाजूस स्टुलावर बसत. गिऱ्हाईक अर्धवट पाठ वा बाही पुढ्यात ठेवी आणि काकू काही न विचारता बोटांनी टाके चाचपीत. सुटलेला टाका चारपाच ओळी खाली ओघळलेला सापडला, की क्रोशाची सुई घालून आडव्या धाग्यांच्या शिडीवरून त्याला एकेक पायरी वर आणीत आणि शेवटी पुन्हा सुईवर चढवीत. नंतर तेच काम मुद्दाम उसवून, "आता तुम्ही करा, वहिनी," असे म्हणत. काखेचे टाके घटवणे, गळा बंद करणे ही विद्या पुण्यातल्या असंख्य स्त्रियांनी अशीच, एक पैसाही शुल्क न देता, संपादन केली. लोकर काय, कुठेही मिळते. विणकाम टिकले ते ह्या स्टुलामुळे.

मध्यंतरी लुधियान्याचे तयार स्वेटर मुबलक झाले, तिबेटी विक्रेते दर हिवाळ्यात रस्त्याकडेला बसू लागले, आणि दुकानाची अर्धी फळी नाडी, लेस व बटणांनी व्यापली. 2020 च्या टाळेबंदीत तर शटरच खाली होते. ते उघडले तेव्हा मात्र वेगळेच गिऱ्हाईक दारी उभे राहिले: घरी बसून पडद्यावर पाहून क्रोशा शिकलेल्या तरुण मुली, आणि क्वचित मुलगेही. त्यांना बाहुल्या, पिशव्या, चौकोनी ठिगळांचे जाकीट करावयाचे असते. संक्रांत जवळ आली की बोरनहाणासाठी काळा धागा अजूनही मागितला जातो.

अलीकडे मऊ सुती धाग्याला एक नवे काम मिळाले आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी हलके, विणलेले कृत्रिम स्तन तयार करून ते विनामूल्य देण्याचे कार्य आपल्याकडे स्वयंसेविका करीत आहेत. ह्या दुकानाच्या गिऱ्हाइकांपैकी काहीजणी त्यात आहेत, आणि काकूंच्या स्टुलावर आता बसणारी त्यांची सून त्यांना गोलाकार विणीचे टाके मोजून देते.

आपल्या घरी कपाटात एखादा अर्धवट स्वेटर सुयांसकट पडून असेल, तर तो उसवू नये. जवळच्या लोकरीच्या दुकानात, दुपारी गर्दी नसताना, धाग्याच्या वेष्टणासह तो घेऊन जावा. लॉट जुना झाला असला तरी जुळता रंग शोधून देणारी माणसे तिथे अजून आहेत.