केसेन, शिबुया आणि आपली खाडी

1993-94 साली जपानी छायाचित्रकार नाओया हाताकेयामा यांनी टोकियोतली शिबुया नदी टिपायला घेतली. नदी कसली, काँक्रीटच्या भिंतींत कोंडलेला नालाच तो. 1964च्या ऑलिंपिकच्या सुमारास तिचा वरचा भाग तर झाकूनच टाकला होता. हाताकेयामांनी उभी चौकट मधोमध विभागली: वरच्या अर्ध्यात इमारतींच्या पाठी, खालच्या अर्ध्यात त्यांचे प्रतिबिंब झेलणारे काळे पाणी. त्या पाण्यावरचे रंग इतके देखणे आहेत की बघताना अवघडल्यासारखे होते. पुढे दशक सरता सरता ते दिवे घेऊन नदीच्या बंदिस्त बोगद्यातही उतरले.

11 मार्च 2011च्या त्सुनामीत त्यांचे गाव, रिकुझेनताकाता, वाहून गेले. आई गेली, घर गेले. गावी गेल्यावर तिथल्या केसेन नदीचे, गल्ल्यांचे, सणांचे फोटो ते आधीपासून काढत. पण ते घरचे, कुणाला दाखवायचे नव्हते. 2012च्या ‘केसेनगावा’ या पुस्तकात ते फोटो आणि नंतरचे ढिगारे एकत्र आले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. शिबुयाच्या पाण्याकडे न बिचकता बघणारी नजरच त्यांना स्वतःच्या दुःखात उपयोगी पडली.

आपल्याला मात्र नदी आठवते ती बुडवते तेव्हा. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी ही नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना तेव्हा कळले. उल्हास नदी तर वालधुनी नदीतली रसायने पोटात घेऊन वसईच्या खाडीवाटे, भाईंदरच्या पुलाखालून, समुद्राला मिळते. विरार लोकल पुलावर आली की दारातून निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी सुटते, फेकणारा हात छातीशी जातो, डोळे मिटतात. खाली काय पडले, कुणाला लागले, कोण बघतो? खाडीतल्या पाणजू बेटावरची माणसे याच पुलावरून चालत ये-जा करतात. 2025मध्ये तिथल्या एका तरुणाचा असाच भिरकावलेला नारळ लागून मृत्यू झाला.

हाताकेयामांसारखा घरचा एक फोटो माझ्याकडेही आहे, आईचा, गणेश विसर्जनाचा. तिच्या मागे मिठागर, त्यात मिठाच्या राशी. आज आई नाही आणि त्या जागी इमारती आहेत. फोटो काढणाऱ्याने मिठागर मुद्दाम घेतले नव्हते, ते आपसूक आले.

मीरा-भाईंदरच्या कितीतरी घरांत असे फोटो असतील. ते कपाटातून काढा, मागे साल आणि जागा लिहा, घरातल्या मुलांना दाखवा. आणि आजची खाडी जशी आहे तशी, कचऱ्यासकट, टिपून ठेवा.