‘घरीच असते’ या उत्तराची किंमत

पाहणी करणारा कर्मचारी दारात येतो, कागद काढतो आणि विचारतो, “घरातल्या बाई काय करतात?” घरधनी चटकन सांगतो, “काही नाही, घरीच असते.” आत ती माऊली दुकानदाराच्या साड्यांना फॉल लावीत बसलेली असते!

माता-भगिनींनो, या एका उत्तराने तुमचे श्रम सरकारी हिशोबातून पुसले जातात. हा हिशोब समजून घेऊ या.

जो काम करतो तो, आणि काम नाही पण शोधतो किंवा करायला तयार आहे तोही, श्रमशक्तीत धरला जातो. म्हणजे बेकारसुद्धा त्यात येतो. पण फक्त घर सांभाळणारी गृहिणी येत नाही.

केंद्र सरकारची श्रमशक्ती पाहणी २०१७ साली सुरू झाली. तिच्या एका मोजमापात मागच्या ३६५ दिवसांचा विचार होतो. मुख्य काम नसले, तरी वर्षात ३० दिवस वा अधिक जोडकाम केले, तर ती व्यक्ती कामगार ठरते. आठवड्याच्या मोजमापात सात दिवसांत एक तास काम केले तरी पुरते. जनगणनेत मात्र वर्षात सहा महिने वा जास्त काम केले तरच मुख्य कामगार. त्याहून कमी केले तर सीमांतिक.

या पाहणीत फक्त घरकाम करणारीला ९२ क्रमांक देतात. घरकाम सांभाळून घरासाठी सरपण, चारा, रानभाजी आणणारीला ९३. दोघीही श्रमशक्तीबाहेर! तीच बाई दुसऱ्याच्या घरी पगारावर धुणीभांडी करू लागली की कामगार होते. नवऱ्याच्या भाजीच्या गाडीवर बिनपगारी राबणारीही कामगारच.

१५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. पुरुषांचा त्या वर्षी ७८.८ टक्के होता. स्त्रियांच्या वाढीत स्वयंरोजगार आणि घरच्या धंद्यातली बिनपगारी मदत यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे मोजणीत नाव आले, तरी हातात पैसा आलाच असे नाही.

तरीही मोजणीत येणे गरजेचे आहे. जे श्रम कागदावर नाहीत, त्यांच्यासाठी योजना मागायची कशाच्या आधारावर?

म्हणून पुढच्या वेळी दारात कर्मचारी आला, तर बाईने स्वतः पुढे यावे. फॉल-पिको, पापड, विड्या, हंगामातली मजुरी, सगळे दिवसांसह सांगावे. आणि घरधन्यांनो, तुम्ही ‘काही नाही’ म्हणण्यापूर्वी एकदा आत वळून पाहा.