तक्त्यातलं शून्य नेमकं काय सांगतं?

“मोटरसायकल रेसिंगमध्ये बायका इतक्या कमी का?” हा तुमचा रिसर्च क्वेश्चन आहे असं समजा. पहिला मोह काय होतो? निकालांचे तक्ते उघडायचे, नावं मोजायची, टक्केवारी काढायची आणि “आवड कमी” असा निष्कर्ष लिहून मोकळं व्हायचं. पण थांबा. तक्त्यात नाव यायच्या आधी परवाना लागतो. तो कुणाला मिळत होता, हे आधी बघायला हवं. नाहीतर सिलेक्शन बायस आलाच म्हणून समजा.

आइल ऑफ मॅन टीटी ही ब्रिटनजवळच्या बेटावर, रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर होणारी शर्यत. १९६२ मध्ये बेरिल स्वेन तिथे सोलो, म्हणजे साइडकार नसलेल्या मोटरसायकलवर उतरणारी पहिली स्त्री ठरली. ५० सीसी गटात ती २२वी आली. शर्यत तिने पूर्ण केली, तरी त्यानंतर तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला गेला. टीटीच्या सोलो शर्यतीत पुढची स्त्री दिसते ती थेट १९७८ मध्ये, हिलरी मसन.

मधल्या वर्षांत तक्त्यात शून्य आहे. ते क्षमतेचं, आवडीचं, की बंद दाराचं? नुसत्या तक्त्यावरून हे कळूच शकत नाही.

आता तुलनेसाठी इंग्लंडमधलाच ब्रुकलँड्स ट्रॅक घ्या. तिथे शर्यतीत ताशी १०० मैलांच्या (सुमारे १६१ किमी) वर लॅप मारला की गोल्ड स्टार मिळायचा. निकष वेगाचा. फ्लोरेन्स ब्लेन्किरॉन आणि बिअॅट्रिस शिलिंग यांनी तो १९३४ मध्ये मिळवला, थेरेसा वॉलॅकने १९३९ मध्ये. म्हणजे स्वेनच्या कितीतरी आधी! अर्थात ट्रॅक वेगळा, काळ वेगळा. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण “बायकांना जमत नाही” हे गृहीतक मात्र टिकत नाही. कधीकधी तीन नोंदीही पुरतात.

अलीकडचा डेटा बघा. २०१८ मध्ये स्पेनच्या आना कारास्कोने सुपरस्पोर्ट ३०० ही जागतिक स्पर्धा जिंकली, पुरुषांसोबत एकाच ग्रिडवर, अवघ्या एका गुणाने. २०२४ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र सर्किट रेसिंग अजिंक्यपद सुरू झालं. तिथे सगळ्याजणींना यामाहा आर७ हीच गाडी. पहिली विजेती पुन्हा कारास्कोच. गाडी सारखी असल्याने एक मोठा व्हेरिएबल कंट्रोल होतो. पण पुरुषांशी तुलना करायची असेल, तर हा डेटा उपयोगाचा नाही. प्रत्येक डेटासेट ठरावीक प्रश्नांचीच उत्तरं देतो.

विषय कुठलाही असो, प्रपोजल लिहिताना मेथडॉलॉजीत एक परिच्छेद यासाठी ठेवा: माझ्या सॅम्पलमध्ये कोण येऊच शकलं नाही, आणि कुठल्या नियमामुळे? गाइडने विचारायच्या आधी तुम्हीच विचारा.