रूट डिस्क न सापडणारे आभासी यंत्र : नाम आणि नामी

आमच्या विभागातील बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, ठेवलेला आहे. ते यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविले असता, ‘रूट डिस्क सापडत नाही’ अशा आशयाचा संदेश देऊन ते थांबले. डिस्क बिघडली असे समजून ती नव्याने फॉरमॅट करावी, अशी सूचना पुढे आली. ती मान्य झाली असती, तर संग्रह नष्ट झाला असता. म्हणून या बिघाडाची मीमांसा येथे करीत आहे.

लिनक्स सुरू होताना ग्रब हा प्रोग्राम कर्नल आणि इनिट्रॅमएफएस ही तात्पुरती फाइलव्यवस्था मेमरीत आणतो. ग्रब डिस्क वाचतो तो फर्मवेअरच्या साहाय्याने. कर्नलला मात्र स्वतःचा ड्रायव्हर लागतो. यास्तव, ज्या डिस्कवरून कर्नल आला तीच त्याला दिसू नये, हे संभवते. कर्नल येथवर पोहोचला, यावरूनच डिस्क वाचनीय असल्याचे अनुमान निघते.

आता दोन शक्यता उरतात : नाम चुकले, किंवा नामी दृष्टीस पडत नाही. ‘एसडीए’, ‘व्हीडीए’ ही नावे ड्रायव्हर व शोधाचा क्रम यांवर अवलंबून असतात. ‘हा’, ‘तो’ या सर्वनामांप्रमाणे संदर्भ बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. याउलट १२८ बिटांचा यूयूआयडी फाइलव्यवस्थेतच कोरलेला असल्याने तिच्यासह प्रवास करतो.

निर्णय सोपा आहे. आपत्कालीन शेलमध्ये ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ या आज्ञेने कर्नलला दिलेले नाव पाहावे आणि ‘ब्लकआयडी’ने प्रत्यक्ष डिस्का पाहाव्यात. डिस्क दिसते पण नाव जुळत नाही, तर ग्रबमधील नाव सुधारावे. आमच्याकडे नाव यथायोग्य होते. यादीच रिकामी होती. पूर्वी डिस्क साटा कंट्रोलरवर होती, नव्या ठिकाणी ती व्हर्टआयओवर आली. आणि ड्राकटने इनिट्रॅमएफएस रचताना केवळ जुन्या यंत्राचे ड्रायव्हर घेतले होते.

प्रथम डिस्कची प्रत काढली. नंतर ती तात्पुरती साटावर जोडून यंत्र सुरू केले, व्हर्टआयओचा ड्रायव्हर समाविष्ट करून इनिट्रॅमएफएस पुन्हा रचली आणि डिस्क व्हर्टआयओवर परत नेली. संग्रह अक्षत मिळाला.

तात्पर्य, वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. पाहणाऱ्याकडे पाहण्याचे साधन आहे की नाही, हे आधी तपासणे अगत्याचे आहे.