टेम्पररी माणूस खरंच स्वस्त पडतो का? आधी हा हिशेब करा



नवीन धंदा टाकणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "सर, सगळी माणसं टेम्पररीच ठेवतो. कमी पैशात काम होतं." खरंच होतं का? कागद-पेन घ्या, आज हेच तपासू.

ओळखीचं उदाहरण

तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक पाहिले असतील. वर्ग तोच, पुस्तक तेच, मुलं तीच. पण पहिली 3 वर्षं ठरावीक मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाला 2022 संपेपर्यंत महिन्याला फक्त 6,000 रुपये मिळायचे. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झाले. नियमित प्राथमिक शिक्षकाचं मात्र सुरुवातीचं मूळ वेतनच 29,200, भत्ते वेगळे.

असाच फरक पंजाबच्या तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात होता. 26 ऑक्टोबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की काम आणि जबाबदारी सारखी असेल, तर तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. निकाल सरकारी नोकरीपुरता होता, पण प्रश्न आपल्यालाही लागू आहे: कमी पैसे नक्की कशासाठी?

आता आपला हिशेब

समजा, रोहिणखेडला तुम्ही छोटी डाळमिल टाकली. चार माणसं. (पुढचे आकडे फक्त हिशेबासाठी धरलेत.)

पर्मनंट माणूस: 15,000 × 12 = 1,80,000. दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे 1,95,000. साप्ताहिक सुट्ट्या, सणवार, रजा वजा जाता तो 300 दिवस कामावर येतो. एका कामाच्या दिवसाचा खर्च 650 रुपये.

आता तुरीच्या हंगामात 120 दिवसांसाठी त्याच कामाला जादा माणूस हवाय. त्याला 500 रुपये रोज दिला, तर 60,000. पूर्ण 650 दिला, तर 78,000.

- दर कापून वाचले: 18,000
- वर्षभर ठेवण्याऐवजी 120 दिवसच ठेवल्याने, पूर्ण 650 देऊनही वाचले: 1,17,000

दिसलं का? टेम्पररी माणसाची खरी बचत दिवसांत आहे, दरात नाही. त्याला पगारी सुट्टी नाही, बोनस नाही, उद्याच्या कामाची खात्री नाही. म्हणून त्याचा रोज 650 च्या जवळ असणं हीच बरोबरी. ते 18,000 वाचवायला गेलात आणि ऐन हंगामात तो जास्त रोज देणाऱ्या मलकापूरच्या एखाद्या जिनिंगवर गेला, तर मिल बंद आणि तूर पोत्यातच. शिवाय गाव लहान. कोण किती रोज देतो, हे संध्याकाळी पारावर सगळ्यांना कळतं.

मग फरक ठेवायचाच नाही का?

ठेवा, पण कामावर ठेवा. मशीन चालवणाऱ्याला जास्त, पोती उचलणाऱ्याला त्या कामाचा दर. अनुभव, कौशल्य, जबाबदारी यांचे पैसे वेगळे द्या. फक्त "तू टेम्पररी आहेस" हे कारण चालत नाही.

कायद्याचं थोडक्यात

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नवीन श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यातलं हे लक्षात ठेवा:

- एकच माणूस ठेवलात तरी किमान वेतन द्यावंच लागतं.
- ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर घेतलेल्याला, तेच किंवा तसंच काम करणाऱ्या पर्मनंट कामगारापेक्षा कमी वेतन देता येत नाही.
- ग्रॅच्युइटीचा नियम 10 किंवा जास्त माणसांच्या दुकान-कारखान्याला लागतो. पर्मनंटसाठी अट 5 वर्षांची, ठरावीक मुदतीवाल्यासाठी 1 वर्षाची.
- पीएफ 20 माणसांपासून. तिथे मोजताना टेम्पररी माणसंही धरली जातात.

आज चार माणसं आहेत, उद्या चोवीस होतील. सवय आत्ताच लावा.

आजचा गृहपाठ

वहीत तीन रकाने करा: काम, वर्षात किती दिवस लागतं, एका दिवसाचा पूर्ण खर्च. 300 दिवस लागणाऱ्या कामाला पर्मनंट माणूस, हंगामी कामाला हंगामी माणूस. दर मात्र कामाचा. आणि हंगामी माणसाला पहिल्याच दिवशी रोज, दिवस आणि पैसे कधी मिळतील, हे कागदावर लिहून द्या. पुढच्या तुरीला तोच माणूस स्वतःहून विचारत येईल, "भाऊ, मिल कधी सुरू करताय?"